हात न लावता बांधलेलं सोनं

प्रवासाला निघताना लोक दशम्या बांधून घेतात, मी ॲल्युमिनियमची पन्नी घेते. तीही साधी चालत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत भाजून काढलेली लागते, तिच्यावर तेलातुपाचा अंशही उरता कामा नये. शिवाय काचेच्या बाटल्या, हातमोज्यांचा डबा, फांद्या छाटायची कात्री आणि एक लांब चिमटा. वास्कोहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी हे सामान पाहिलं आणि मी नर्स आहे असं ठरवून टाकलं. इटारसी येईपर्यंत मी त्यांच्या गुडघ्याचा सगळा इतिहास ऐकला. मी झाडांच्या पानांवरचं मेण गोळा करायला चालले आहे, हे सांगितलं असतं तर त्यांनी काय ठरवलं असतं कोण जाणे, म्हणून मी गप्प राहिले.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. अळूच्या पानावर पाणी टाकलं की ते न भिजवता घरंगळून जातं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पानावर मेणाचा पातळ थर असतो म्हणून तसं होतं. थोडंफार मेण प्रत्येक पानावर असतं. पान गळतं, कुजतं, त्याचा रंग जातो, आकार जातो, पण मेण सहसा कुजत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, आणि गाळाबरोबर तळाशी जाऊन बसतं. दरवर्षी नवा गाळ जुन्यावर बसत राहतो. आमची मंडळी जहाजावरून बंगालच्या उपसागरात लांबलचक नळ्या सोडतात आणि तो गाळ थरांसकट वर काढतात. मग त्या मेणावरून आम्ही सांगू पाहतो की हजारो वर्षांपूर्वी जमिनीवर रान होतं की गवताळ माळ. झाडांच्या आणि उन्हाळी गवतांच्या मेणातला कार्बन वजनाला किंचित वेगळा असतो, त्यावरून हे कळतं.

पण जुनं वाचायचं तर आधी आजचं ओळखता यायला हवं. गंगेच्या गाळात यमुनेचा गाळ असतो, यमुनेत चंबळेचा आणि सिंधेचा (ही ग्वाल्हेरजवळची छोटी सिंध, पंजाबातली सिंधू वेगळी). तेव्हा त्या मुलखातली झाडं आणि गवतं आज कसलं मेण तयार करतात, ते बघायला मी पावसाळा संपता संपता ग्वाल्हेरला निघाले होते. समुद्राचा अभ्यास करणारी बाई समुद्रापासून इतक्या दूर कशाला जाते, हा प्रश्न आमच्या हिशेब खात्यानेही विचारला होता. त्यांना मी वर लिहिलंय तेच सांगितलं आणि त्यांनी मला दुसऱ्या वर्गाचं तिकीट दिलं.

पहाटे खिडकीतून किल्ला दिसला. सपाट जमिनीतून एकदम उठलेला लांबच लांब खडक आणि त्याच्या माथ्यावर भिंत. कोकणात वाढलेल्या माझ्यासारखीला डोंगराला डोंगर लागून असायची सवय, त्यामुळे हा एकटा उभा असलेला डोंगर बघून उगीचच वाईट वाटलं.

स्टेशनवर सुनंदा आली होती. ही तिथल्या वनखात्यात रोपवाटिकेचं काम बघणारी, चाळिशीला टेकलेली बाई. आमच्या पत्राला उत्तर म्हणून खात्याने तिला माझ्या मदतीला दिलं होतं. फोनवर मी मराठी बोलते हे कळलं तेव्हाच तिने माझं लॉजचं बुकिंग रद्द करून टाकलं होतं, मला न विचारता. मला न विचारता केलेल्या गोष्टी मला आवडत नाहीत आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "ताई, घर असून तुम्ही लॉजमध्ये राहणार? अण्णा गुस्सा करतील ना." आणि माझी काचेच्या बाटल्यांची पेटी उचलून चालायला लागली.

दौलतगंजातल्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानावर, तिचं घर होतं. दोन खोल्या, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीत गच्च भरलेल्या कुंड्या. तिथे ती आणि तिचे वडील, दोघंच राहायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णा सत्तरीचे, अंगाने बारीक, पांढरा पायजमा आणि त्यावर घरातही जाकीट. त्यांचे पूर्वज साताऱ्याकडून सरदारांबरोबर कधीतरी इकडे आले होते, पण स्वतः अण्णांनी सातारा पाहिलेला नव्हता. मी गेल्या गेल्या त्यांनी मला बसवलं आणि स्वयंपाकघराकडे वळले. मला वाटलं, सुनंदा उठून चहा करेल. ती मुद्दाम बसून राहिली.

"आजकाल चहा मीच करतो," अण्णा आतून म्हणाले, "आणि भातही लावतो. हिने शिकवलंय."

चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. भात खालून करपलेला होता. सुनंदाने करपलेला भाग आपल्या पानात घेतला आणि उद्या पाणी जरा जास्त घाला, एवढंच म्हणाली. सत्तरीच्या माणसाला आता भात शिकवायचं काय काढलंय, असं माझ्या मनात आलं, पण पहिल्याच दिवशी पाहुणीने तोंड उघडू नये म्हणून मी आमटी ओरपत राहिले. आमटीला आमचूर होता. तो मला फार आवडला.

पुढचे काही दिवस आम्ही गवतं गोळा करत हिंडलो. सिंधेच्या बाजूला बीहड (पावसाच्या पाण्याने चिरलेल्या मातीच्या घळी) लागतात. एका घळीत उतरावं तर पुढे दुसरी, आणि सगळीकडे विलायती बाभूळ. मी पहिल्याच दिवशी सुनंदाला नियम सांगितले होते. पानाला बोट लावायचं नाही, आपल्या हाताला तेल असतं. प्लास्टिकच्या पिशवीत टाकायचं नाही. चिमट्याने तोडायचं, पन्नीत गुंडाळायचं, पन्नीवर झाडाचं नाव. तिने कॉलेजच्या मुलीसारखं सगळं निमूट ऐकून घेतलं. पण झाड ओळखताना तिचा हात सवयीने पानाकडे जायचाच. पान चुरगळायचं, वास घ्यायचा, पाठ बोटाने चाचपायची, ही तिची ओळखायची रीत. मी दर वेळी ओरडायची आणि ती दर वेळी "सॉरी, सॉरी" म्हणत हात पाठीमागे बांधायची. झाडांना हात न लावता त्यांचा अभ्यास करणारी बाई तिने आधी पाहिली नसावी.

दसरा आला तेव्हा आमची यादी बरीच पुरी झाली होती. किल्ल्याच्या उतारावरची करधई (बारीक पानांचं, झुकल्या फांद्यांचं इथलं झाड) आणि गावाबाहेरची शमी एवढी राहिली होती. मी म्हटलं, सण आहे, तुम्ही घरी राहा. सुनंदा म्हणाली की तिला दरवर्षी त्या शमीकडे जावंच लागतं. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतात, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शमीचं. तिकडे शमीला छोंकर म्हणतात. अण्णा लहान असताना दरबारातून शमीपूजनाची स्वारी निघायची आणि फांदीला तलवार लागली की लोक पानं लुटायला धावायचे, अण्णाही धावलेले. आता त्यांच्याच्याने चालवत नाही, तर सोनं सुनंदा आणते.

सकाळी नई सडकवर झेंडूच्या माळांचे ढीग लागले होते. माळांच्या मधून वाट काढत आम्ही एका टपरीवर बेडई (उडदाचं पुरण भरलेली पुरी) आणि बटाट्याची तिखट भाजी खाल्ली. दुकानदाराने मला चौथी बेडई न मागता वाढली. न विचारता केलेली ही गोष्ट मी मोठ्या मनाने सोडून दिली. मग टेम्पोने किला गेट आणि तिथून चढ. चढाच्या सुरुवातीला मी पन्नीत बांधलेला करधईचा पहिला नमुना दगडावर ठेवून बाटलीचं झाकण उघडत होते, तेवढ्यात एका शेळीने पन्नीसकट तो तोंडात घेतला. पन्नी तिने टाकून दिली, करधई खाल्ली. शेळीवाली म्हातारी मलाच रागावली की असली चमकती चीज ठेवलीच कशाला.

वर तटाशी बसून आम्ही दम खाल्ला. खाली लष्कर (ग्वाल्हेरातली मराठी वस्तीची पेठ) पसरलं होतं, पिवळट धुळीत. मी सहज विचारलं की अण्णांना भात शिकवायचं काय वेड घेतलंय तुम्ही. सुनंदाने चपलेतली धूळ झटकली. मग सगळं सांगितलं. त्या वर्षी मध्य प्रदेशाचे दोन भाग होत होते, आणि कोणत्या कर्मचाऱ्याने जुन्या राज्यात राहायचं, कोणी नव्या छत्तीसगढात जायचं, ते ठरत होतं. तिचं नाव छत्तीसगढच्या यादीत होतं, बहुधा धमतरीकडे. वडील एकटे आहेत असं कारण लिहून अर्ज केला तर नाव निघण्यासारखं होतं, आणि अर्जाची मुदत दिवाळीपर्यंत होती. अण्णांना तिने यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

मी म्हटलं, मग अर्ज करा. एवढं काय त्यात.

"जायचंय मला, ताई. यही तो दिक्कत है." ती खाली शहराकडे बघत होती. "इथे मी टेबलावर बसून रोपं मोजते. तिकडे सालचं जंगल आहे. मी आजवर फोटोतच पाहिलंय. पण अण्णांना कसं सांगू, की खातं मला भेजून नाही राहिलं, मी स्वतः जाऊन राहिले?"

मला तिचा राग आला नाही, उलट तिच्याबद्दल फार माया वाटली. मी स्वतः समुद्रासाठी घर सोडलेली बाई. पण माझ्या आईजवळ भाऊ होता, भावजय होती, आणि माझ्या आईला भात लावता येत होता.

शमीचं झाड गावाबाहेर, शेताच्या बांधावर होतं. जुनं, खडबडीत, आणि खालच्या फांद्या सणासाठी लोकांनी आधीच ओरबाडलेल्या. सुनंदा हातमोजे घालून वर चढली, चिमट्याने एकेक डहाळी तोडून तिने खाली माझ्या पन्नीत सोडली. नमुना इतका सुरेख झाला की मी तिची पाठ थोपटली. मग तिने मोजे काढले, घरासाठी सोनं तोडायला हात वर केला, आणि रस्त्यावरून परतीचा शेवटचा टेम्पो येताना दिसला. मी ओरडले. आम्ही धावलो. टेम्पोत बसल्यावर तिने आपले रिकामे हात पाहिले आणि म्हणाली की जाऊ दे, गल्लीत कोणाकडून तरी चार पानं मागून घेऊ.

घरी पोचलो तर अण्णा गॅलरीत उभे होते. मी पेटी टेबलावर ठेवली, शमीची पुडी तिच्यावर ठेवली आणि धुळीने भरले होते म्हणून आधी आंघोळीला गेले. सुनंदा खाली श्रीखंडाचा चक्का आणायला गेली.

मी बाहेर आले तेव्हा घरात माणसंच माणसं होती. शेजारपाजारची मंडळी, औषधवाला, समोरच्या घरातलं सिंधी जोडपं. अण्णा जाकिटाची बटणं लावून देव्हाऱ्यापाशी उभे, समोर तबक, आणि तबकात माझी शमी. पन्नी नीट उलगडलेली. पानांना हळदकुंकू वाहिलेलं, वर निरांजनातलं तूप सांडलेलं. अण्णा चिमूट चिमूट पानं उचलून प्रत्येकाच्या हातात देत होते, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा म्हणत होते, आणि लोक वाकून नमस्कार करत होते. मलाही दिलं. माझ्या ओल्या तळहातावर, उघड्या बोटांनी.

आता मी कबूल करते की माझं डोकं गरम झालं. सगळे गेल्यावर, सुनंदा चक्का घेऊन दारात आलेली असताना, मी अण्णांना विचारलं की माझी पुडी त्यांनी का उघडली. आवाज चढलाच होता. अण्णा गोंधळले. त्यांनी आधी तबकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुलीकडे.

"सोनं दरवर्षी हीच आणते," ते म्हणाले. "नेहमी कागदात आणते. मला वाटलं, यंदा शेवटचं म्हणून चांदीत बांधून आणलंय."

सुनंदाच्या हातात चक्क्याचा डबा तसाच राहिला. मला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. अण्णांना माहीत होतं. दौलतगंजात कोणाचं काही लपून राहत नाही, आणि महिनाभर भात शिकवल्यावर तर शहाण्या माणसाला कोणी सांगावंही लागत नाही.

"अण्णा, मी अर्ज करणार आहे," सुनंदा म्हणाली. "नाव निघून जाईल. मी कुठे नाही जात."

अण्णांनी उरलेली पानं पन्नीत गोळा केली, पहिल्यासारखी घडी घालायचा प्रयत्न केला आणि पुडी माझ्यापुढे धरली. मी ती पुडी घेतली. असल्या नमुन्याचा मला काडीचा उपयोग नव्हता, पण टाकून देणं माझ्याच्याने झालं नसतं. आम्ही श्रीखंडपुरी जेवलो. छान झालं होतं, पण तेही कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शमी पुन्हा आणायला निघालो तर अण्णा बूट घालून तयार. नुकसान त्यांनी केलं, तर भरपाईला तेच येणार. सुनंदाने नको नको म्हटलं. शेवटी रिक्षा ठरवली आणि तिघंही गेलो. झाडाखाली मी त्यांना मोजे घालायला दिले. मोजे मोठे होत होते. ते एकेक बोट ओढून नीट बसवत होते आणि मी त्यांना मेणाची गोष्ट सांगत होते, तुम्हाला सांगितली तीच.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं की समुद्रात गेल्यावर हे पान कोणाच्या बांधावरचं, हे ओळखू येतं का. मी म्हटलं, नाही अण्णा. झाडाचं की गवताचं, एवढं समजतं. पाऊस किती होता याचा अंदाज बांधता येतो. कोणाचं झाड, कोणाचं गाव, ते काही त्या गाळात राहत नाही. पुष्कळ नद्यांचं एकत्र झालेलं असतं.

"आणि छत्तीसगढचं पाणी कुठे जातं?"

"धमतरीचं म्हणाल तर महानदीत. तीही बंगालच्या उपसागरालाच मिळते."

"म्हणजे समुद्र एकच."

मी हो म्हटलं. सुनंदा फांदीवर होती. तिच्या हातातला चिमटा थांबला होता.

अण्णा तिच्याकडे न बघता बोलायला लागले. मी जमेल तेवढं त्यांच्याच शब्दांत देते. संस्थान विलीन झालं तेव्हा ते विद्यार्थी होते. मग मध्य भारत झाला आणि त्यांना मोतीमहालातल्या दफ्तरात नोकरी लागली. मग मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि दफ्तरंही हलली. कागदांची गाठोडी ट्रकवर चढत होती, बरोबरीची पोरं सामान बांधत होती. अण्णांचंही नाव होतं. त्यांची आई इथे एकटी. त्यांनी नाव काढून घेतलं, शाळेत मास्तर झाले आणि आईला कधी कळू दिलं नाही.

"असं मला वाटायचं," अण्णा म्हणाले. "आईने मरताना सांगितलं की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी राहावं म्हणून ती गप्प बसली होती. तेवढंच एक तिला सलत होतं. मला नोकरीचं काही वाटलं नाही, सुनंदा. मुलं शिकवली, चांगलं झालं. पण आईचं ते ऐकून फार लागलं. म्हणून मी गप्प बसणार नाही. तू अर्ज करू नकोस. जा."

थोड्या वेळाने चिमट्यातून एक डहाळी सुटली आणि अण्णांनी दोन्ही हातांनी धरलेल्या पन्नीत बरोबर पडली.

"पाणी जास्त घालत जा भाताला," सुनंदा वरून म्हणाली. आवाज रडवेला होता. "आणि गॅस बंद केला का ते दोनदा बघत जा."

अण्णा म्हणाले की बघेन. मीही दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि मोजे घातलेल्या हाताने ते पुसायची सोय नव्हती.

निघताना स्टेशनवर दोघंही आली. अण्णांनी मला मुरैन्याची गजक (तीळ आणि गुळाची खुसखुशीत वडी) आणून दिली, त्या हंगामातली पहिली. मी त्यांना पन्नीचा उरलेला गुंडाळा दिला आणि सांगितलं की पुढच्या पावसानंतर त्याच झाडाची पानं पाठवली तर मला दोन वर्षं ताडून बघता येतील. काम मिळाल्याचा त्यांना आनंद झाला. हात लावायचा नाही, हे त्यांनी मलाच बजावून सांगितलं. गाडी हलली. किल्ला बराच वेळ खिडकीत राहिला. येताना तो मला एकटा वाटला होता. जाताना त्याच्या पायाशी एवढी घरं आहेत हे लक्षात होतं.

गोव्यात परतल्यावर नमुने यंत्राला लावले. करधई, गवतं, दुसऱ्या दिवशीची शमी, सगळी मेणं हवी तशी आली. कुतूहल म्हणून मी दसऱ्याच्या पुडीतलं एक पानही लावून पाहिलं. तुपाने असा काही गोंधळ घातला होता की त्याखाली शमी शोधावी लागली. उरलेली पानं मी एका बाटलीत घालून खिडकीत ठेवली. आमच्याकडे येणारे विद्यार्थी विचारायचे की बाई, या बाटलीला नंबर का नाही. मी त्यांना कामाला लावायची.

सुनंदा धमतरीला गेली. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर ग्वाल्हेरहून पुडी आली. पन्नीच्या कडा पट्टीने दाबलेल्या, झाडाचं नाव मास्तरांच्या अक्षरात. मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना शिकवते, पण इतका स्वच्छ नमुना मला कोणी पाठवला नव्हता. आभार मानायला फोन केला तर अण्णा खूश होते. रिक्षाने जाऊन स्वतः तोडलं म्हणाले. सुनंदालाही तिचं सोनं असंच पाठवलं, अगदी तुमच्या पद्धतीने, कुठे बोट लागू दिलं नाही. आणि भात आता करपत नाही.

त्याच आठवड्यात सुनंदाचा फोन आला. सालचं रान कसं आहे ते तिने भरभरून सांगितलं. तिकडे सोनं म्हणून आपट्याचीच पानं वाटतात, म्हणजे या बाबतीत ती आता आपल्यातली झाली होती. मग मूळ मुद्द्यावर आली.

"अण्णांची पुडी आली, ताई. एकदम परफेक्ट. मोजे घालून बांधलेली." पलीकडे पन्नी चुरगळल्याचा आवाज आला. "मला त्यांच्या हातचं हवं होतं."

फोन ठेवल्यावर मी खिडकीतली बिननंबरची बाटली उतरवली. पानं वाळून तपकिरी झाली होती, पण कुंकू होतं, तुपाचा डाग होता. ती पानं अण्णांनी उघड्या बोटांनी उचलून परत पन्नीत भरलेली होती. समुद्राच्या तळाशी यातलं काहीच जाणार नाही, आणि गेलं तरी आमच्या कुठल्याच यंत्राला ते ओळखता येणार नाही. मी बाटली कापसात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि वर धमतरीचा पत्ता लिहिला. त्याखाली सवयीने 'हात लावू नये' असं लिहायला घेतलं. 'हात' एवढं लिहून झालं होतं. ते खोडलं आणि खोकं पोस्टात टाकून आले.